मदत हवी: नलीकलीच्या वर्गात आठवडाभर काय शिकलो, हे घरच्यांना कसं दाखवायचं?

खानापूरची_बाई

नमस्कार मंडळी. कर्नाटकातल्या खानापूर तालुक्यातल्या एका सरकारी मराठी शाळेत यंदा अतिथी शिक्षिका म्हणून लागले आहे. पहिली ते तिसरी एकाच खोलीत, वीस-बावीस मुलं, नलीकली पद्धत.

सीमेपलीकडच्यांसाठी थोडक्यात सांगते. यात मुलं इयत्तेप्रमाणे बसत नाहीत, हातातल्या कार्डाप्रमाणे गटात बसतात. भिंतीवर शिडीचा तक्ता असतो. मूल त्यावर आपलं कार्ड शोधतं आणि आज बाईंजवळ बसायचं, जोडीदाराबरोबर करायचं की एकट्यानं, ते ठरतं. १९९५ साली म्हैसूर जिल्ह्यातल्या एच. डी. कोटे तालुक्यात सुरू झालं, २००९-१० पासून राज्यभर आहे.

वर्गाबद्दल तक्रार नाही, मुलं रमतात. अडचण दाराबाहेर आहे. "काय हो बाई, पोरगं नुसतं गाणी म्हणतंय, वही कोरीच की!" हे आठवड्यातून एकदा तरी ऐकते. वही कोरी दिसते, कारण निम्मं काम पाटीवर आणि भिंतीच्या खालच्या फळ्यावर होतं, आणि दुसऱ्या दिवशी पुसलं जातं. त्यात इंग्लिश मीडियमची गाडी रोज सकाळी तिकटीवर येऊन थांबते. त्या पोरांची दप्तरं फुगलेली. दोन घरांनी तर पुढच्या वर्षी नाव काढणार म्हणून सांगून टाकलंय.

गेल्या आठवड्याचंच बघा. हवामान तक्त्यावर मुलं रोज चित्र लावतात. इकडचा जुलै, म्हणजे सोमवारपासून पाऊस, पाऊस, पाऊस, आणि गुरुवारी दुपारी तासभर ऊन. त्या तासाचं सूर्याचं चित्र लावायचं की नाही, यावर वर्गात रीतसर वाद झाला! शनिवारी पहिलीनं पावसाचे दिवस मोजले, दुसरीनं उन्हाचे वजा केले, तिसरीनं काड्यापेटीच्या खोक्यांचे उभे मनोरे रचून आलेख केला. माझ्या मते हे चांगलं गणित झालं. घरी काय पोचलं? "आज खोकी खेळलो."

व्हॉट्सअप ग्रुप काढून पाहिला. ग्रुपवरचे निम्मे बाप कामाला गोव्यात नाहीतर बेळगावात उद्यमबागच्या फौंड्रीत. ते अंगठा दाखवतात. मूल ज्यांच्याजवळ असतं त्या आई-आजीकडे बटणाचा फोन, आणि रेंज देवळामागेच. शिवाय दोन-तीन घरांत वडील कन्नड शाळेत शिकलेले, मराठी चिठ्ठी त्यांना वाचता येत नाही.

तर आठवड्याचा हिशेब घरी पोचवायची सोपी रीत सुचवा. शनिवारची सकाळची शाळा त्यासाठी कशी वापरता येईल, तेही सांगा. पदरचा खर्च फार झेपणार नाही, अतिथी मानधन तुम्हाला माहीतच आहे.

चिकोडीचे_मास्तर

बाई, चिठ्ठी पाठवू नका, मुलालाच पाठवा. शुक्रवारी सुटताना घरी विचारायचा एकच प्रश्न द्यायचा. त्याचं उत्तर घरच्यांशिवाय मिळता कामा नये. मापनाची कार्डं चालू असतील तर, "घरच्या घागरीत किती शेर पाणी मावतं?" आजी शेर काढणार, पोर मोजणार, अर्धं पाणी सांडणार. शाळेत काय चाललंय हे आजीला न सांगता कळतं. पहिलीच्या मुलानं तितक्या रेघा मारून आणाव्यात, तिसरीच्यानं अंक लिहून शेजारच्या घरच्या घागरीशी तुलना करावी.

पथ्यं दोन. विकत आणावी लागेल अशी वस्तू सांगायची नाही. आणि सोमवारी पहिल्या तासाला ते उत्तर वर्गात घ्यायचंच. एकदा विसरलात की पुढच्या शुक्रवारी कोणी विचारणार नाही.

निपाणी_पालक

मी शिक्षक नाही, पालक आहे, म्हणून थोडं विरुद्ध बोलतो. मास्तरांचा प्रश्न चांगला आहे, पण वहीची भूक त्यानं भागणार नाही. आम्ही शिकलो ते वही बघूनच, तीच सवय. मग आठवड्याला एक पान द्या की! शनिवारी, वर तारीख घालून, एका जुन्या वहीत. घरी दाखवायचं आणि सही किंवा अंगठा घेऊन यायचं. दिवाळीला जुलैचं पान आणि ऑक्टोबरचं पान शेजारी ठेवलं की बोलणाऱ्याचं तोंड बंद. तारीख मात्र विसरू नका, तिच्याशिवाय फरक दिसत नाही.

खानापूरची_बाई

पान आवडलं. पण पहिलीचं पोर जुलैत काय लिहिणार?

निपाणी_पालक

चित्र काढू दे. ते काय आहे हे त्याच्या तोंडून ऐकून त्याच्याच शब्दांत खाली तुम्ही लिहा. गावची बोली असली तरी तशीच. "बैल चिखलात बसला न्हवं" असं छापल्यासारखं दिसलं की आई हसते आणि पान जपून ठेवते.

माजी_सीआरपी

मी आधी सीआरपी, म्हणजे आसपासच्या शाळांचा साधन व्यक्ती होतो. याला जोडून एक. त्या पानावर त्या आठवड्यातला एक कन्नड शब्दही चित्राखाली मुलानंच लिहावा, दुसऱ्या भाषेचा तास असतोच. कन्नड शिकलेल्या वडिलांना निदान तेवढं वाचता येईल, आणि बाकीचं मूल वाचून दाखवील.

दुसरं, वर्गात डोक्यावर मुलांचं काम टांगायचा दोऱ्यांचा चप्पर असेलच. बहुतेक ठिकाणी त्यावर दोन वर्षांपूर्वीच्या पताका धूळ खात असतात. तो दर शनिवारी बदला आणि पालकांना आत येऊन बघू द्या. शिक्षण हक्क कायद्याच्या २४व्या कलमात पालकांना नियमित भेटून मुलाची प्रगती सांगणं हे शिक्षकाचं कामच म्हटलंय, तेव्हा हेडमास्तर नाही म्हणणार नाहीत. सभेत भाषण नको. तिसरीच्या मुलाला न वाचलेला उतारा द्या आणि सगळ्यांसमोर वाचू द्या. निपुण भारत या केंद्राच्या वाचन-गणिताच्या मोहिमेत तिसरीअखेर मिनिटाला किमान ६० शब्द समजून वाचणं धरलंय, पण घड्याळ लावून बसू नका, पोर घाबरतं. वाचून झाल्यावर एखाद्या आईलाच त्यावर प्रश्न विचारू द्या.

आणि एसडीएमसीची, म्हणजे पालकांच्या शाळा समितीची सभा रोप लावणीच्या दिवसांत दुपारी ठेवाल तर फक्त तुम्ही आणि हेडमास्तर असाल. संध्याकाळी देवळात ठेवा.

खानापूरची_बाई

खूप आभार सगळ्यांचे. देवळामागे रेंजही आहे, म्हणजे गोव्याच्या बापांना व्हिडिओ कॉल लावता येईल! पान या शनिवारपासून सुरू करते. पाऊस उघडला की कुंभारवाड्यातून माती आणून एक शनिवार मातीकामाचा करायचा आहे, खानापुरात मातीला तोटा नाही. त्यातून त्रिमिती आकारांची कार्डंही होऊन जातील.

मास्तर, घागरीचा प्रश्न शुक्रवारी देते. पण शेर आता बऱ्याच घरांत उरलेला नाही. तांब्या चालेल का?

चिकोडीचे_मास्तर

तांब्याच बरा. एकाचा लहान, एकाचा मोठा, सोमवारी उत्तरांवरून भांडणं होणार. मिटवायला जाऊ नका, तिसरीवाल्यांना कारण शोधू द्या. मग लिटरचं माप काढा.