मदत हवी आहे: ‘बाय’ आणि ‘अनटिल’ मुलांना कसं समजावू?

नमस्कार मंडळी. मी नागपूरला महाल भागात नववी-दहावीच्या मराठी माध्यमाच्या मुलांची इंग्रजीची शिकवणी घेते. वेळेच्या ‘बाय’पाशी गाडी दरवर्षी अडते. आपण ‘शुक्रवारपर्यंत वही दे’ म्हणतो आणि ‘शुक्रवारपर्यंत मामाकडे आहे’ असंही म्हणतो. इंग्रजीत पहिल्याला बाय, कारण शुक्रवार ही शेवटची मुदत, आधी कधीही दिली तरी चालते. दुसऱ्याला अनटिल, कारण राहणं तोवर सलग चालू आहे.

इथवर पोट्ट्यांना जमतं. ‘नागपूर 1956 पर्यंत मध्य प्रदेशची राजधानी होती’ हे वाक्य दिलं तर अनटिल बरोबर घालतात. खरी पंचाईत नकारात होते. ‘शी वोन्ट कम अनटिल फ्रायडे’ म्हणजे ती शुक्रवारी येईल, त्याआधी नाही. ‘शी वोन्ट बी हिअर बाय फ्रायडे’ म्हणजे शुक्रवार उजाडला तरी ती पोचलेली नसेल, पुढे कधी येईल ते सांगितलेलंच नाही. मुलं दोन्हीचा अर्थ ‘शुक्रवारपर्यंत येणार नाही’ असा एकच लिहितात, आणि मराठी म्हणून ते चुकीचंही नाही! मग लाल पेन चालवायला हात धजत नाही.

वर्गात हा फरक कोणी कसा शिकवता? फळ्यावर काळाची रेघ काढून उपयोग होतो का? आणि ‘बाय फ्रायडे’मध्ये शुक्रवार धरायचा, असं मी सांगते, अर्जात मात्र ‘ऑन ऑर बिफोर’ लिहा म्हणते. हे ठीक आहे ना? शिक्षक ताई-दादांनी नकाराची रोजच्या वापरातली चार वाक्यं दिली तर फार मदत होईल.