धावणाऱ्या आईचं घर सांभाळणारा नवरा: त्याची मेहनत कशी फेडायची?

पहाटवारा (रत्नागिरी):
जानेवारीत 21 किमीची शर्यत आहे, तयारी 12 आठवड्यांची. आठवड्यात तीन दिवस पहाटे छोटं धावणं, रविवारी लांब पल्ला. कधी भाट्याच्या किनाऱ्यावर वाळूत, कधी सड्यावरच्या (वरच्या कातळी पठारावरच्या) रस्त्याने. मुलं 4 आणि 9 वर्षांची. त्या वेळात उठवण्यापासून डब्यापर्यंत सगळं नवरा बघतो, नऊला दुकान उघडतो. तोंडी आभार झाले, घड्याळही देता येईल. पण रोजच्या घडीत काय बदललं तर त्याला खरंच हलकं वाटेल?

सुकती:
आधी हिशेब खरा मांडा. 16 किमी, किलोमीटरला सात मिनिटं या वेगाने, म्हणजे 1 तास 52 मिनिटं. त्यात जाणं-येणं, ताणाचे व्यायाम, आंघोळ, खाणं आणि नंतरची डुलकी धरा. घरातून साडेतीन-चार तास जातात. "दोन तासांत येते" म्हटलं की उरलेले दोन तास त्याच्या डोक्यावर न सांगता बसतात. मदत करणारा माणूस कामाने थकत नाही तेवढा वाट बघण्याने वैतागतो. उशिरातली उशिरा वेळ सांगा, आणि ती झाली की पल्ला अर्धा राहिला तरी परत फिरा.

दुसरं, भरती बघून महिन्याचे रविवार आधीच ठरवा. आयत्या वेळी बेत बदलला की त्याचाही दिवस मोडतो. जुना हिशेब आहे: तिथीची पाऊणपट म्हणजे पूर्ण भरतीची वेळ. तृतीयेला सव्वादोन, म्हणजे सहा तासांनी, सकाळी सव्वाआठच्या सुमारास, पूर्ण ओहोटी. हा हिशेब मुंबईचा. रत्नागिरी-मालवणकडे पाणी थोडं लवकर येतं, म्हणून बंदराच्या कोष्टकाशी ताडून घ्या. अमावस्या-पौर्णिमेनंतरचे तीन-चार दिवस सकाळी ओली घट्ट वाळू मिळते. अष्टमीच्या आसपास पहाटे पाणी वर असतं, उरते ती भुसभुशीत वाळू. त्यात पोटऱ्या भरून येतात. तो रविवार सड्यावर. आणि किनारा समुद्राकडे उतरता असतो, म्हणून जितकं जाल तितकंच त्याच वाटेने परत या, नाहीतर एकाच बाजूचा गुडघा-कंबर धरते.

कातळावरची:
वरच्याशी सहमत, पण परतफेड तासांतच करा. दर चौथ्या आठवड्याला पल्ला कमी करायचाच असतो (14 वरून 10 वगैरे). तो रविवार त्याचा: तुम्ही सहाला निघून साडेसातला घरात, मग दुपारपर्यंत मुलं तुमच्याकडे. त्याने गरी घेऊन जेटीवर बसावं नाहीतर झोपावं, विचारू नका. शर्यतीआधीच्या दोन आठवड्यांत पल्ले निम्म्यावर येतात, ते वाचलेले तासही त्यालाच. नाहीतर ते मोबाईलवर शर्यतीची चर्चा वाचण्यात जातात, हे सगळ्याच धावणाऱ्यांचं.

आगळवाला:
तुमच्या धावण्याची कामं त्याच्याकडे नकोत. बाटल्या रात्री स्वतः भरा. ओआरएसचं एक लिटरचं पाकीट अर्ध्या लिटरच्या बाटलीत रिकामं केलं तर ते दाट होतं, मळमळतं. कोकमाचं घेत असाल तर आगळ (कोकमाचा खारवलेला रस) आधीच खारट असतं, वरून मीठ नको.

बूट पडवीतच काढा, मोरीत नाही. वाळूने जाळी तुंबते आणि ती साफ कोण करतो ते तुम्हाला माहीत आहे. खारं पाणी लागलं असेल तर गोड्या पाण्याने धुवा, आतली गादी काढा, वर्तमानपत्राचे बोळे भरा, दोन तासांनी बदला, पंख्याखाली ठेवा. चुलीजवळ किंवा कडक उन्हात तळव्याचा गोंद सुटतो.

सुकती:
शर्यतीच्या दिवसाचं राहिलं. दोन मुलं घेऊन तासभर शेवटच्या रेषेशी ताटकळणं ही शिक्षा आहे. सात मिनिटांच्या वेगाने 2 तास 28 मिनिटं होतात; गर्दी आणि दमट हवा धरून त्याला 2:25 ते 2:45 असं सांगा. शर्यत सुरू होण्याची वेळ कागदावर लिहून द्या, गर्दीत फोन लागेलच असं नाही. भेटायची जागा एकच ठरवा, सावलीतली.

पहाटवारा:
कालनिर्णयवर पुढचे चार रविवार लिहून टाकले, एक त्याच्या नावाने. आल्यावर पेज लागते, ती तोच ढवळत बसतो. कुकरला करता येते का?

कातळावरची:
येते. उकडा तांदूळ 1 वाटी, पाणी 8 वाट्या, कुकर निम्म्याच्या वर भरू नका, फेस शिट्टीत चढतो. शनिवारी रात्रीच शिजवून थंड झाली की फ्रिजमध्ये ठेवा, सकाळी गरम पाणी घालून सैल करा. मीठ तेव्हाच.