'मेगाट्रेंड'ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न : एका अहवालाचं भाषांतर करते आहे. वाढतं शहरीकरण, म्हातारी होत चाललेली लोकसंख्या, हवामानबदल या सगळ्यांना मिळून त्यात 'मेगाट्रेंड' म्हटलंय. 'महाकल' चालेल का?

प्रतिसाद : 'महाकल' नको. वाचणारा आधी 'महाकाल' वाचेल आणि उज्जैनला पोचेल. शिवाय कल म्हणजे झुकाव. मतमोजणीच्या सकाळी हाती येतात ते कल, आणि ते दुपारपर्यंत फिरू शकतात. मेगाट्रेंड असा फिरत नाही. जॉन नेस्बिट यांच्या १९८२ च्या पुस्तकामुळे हा शब्द सर्वतोमुखी झाला, तो दशकानुदशकं चालणाऱ्या बदलांसाठी. जपानमध्ये १९५० साली पासष्टी ओलांडलेली माणसं शंभरात ५ होती, आता २९ आहेत. मधल्या काळात कितीतरी सरकारं बदलली, हा आकडा चढतच राहिला. याला कल कसं म्हणणार?

प्रतिसाद : 'लाट'ही नको, लाट ओसरते. 'महाप्रवाह' घ्या. कोविडच्या काळात 'महासाथ' रुळला, तसा हाही रुळेल.

प्रतिसाद : शीर्षकात, तक्त्यात 'महाप्रवाह' मलाही पटतो. 'ओघ'सुद्धा सुंदर आहे, पण तो खेड्यातून शहराकडे येणाऱ्या माणसांना शोभतो, वार्धक्याला नाही.

मात्र वाक्यात दर वेळी नाम हवंच का? तुमच्या प्रश्नातच तुम्ही 'म्हातारी होत चाललेली लोकसंख्या' असं सहज लिहून गेलात. 'कमी झाली' म्हटलं की गोष्ट एकदा घडली आणि संपली. 'कमी होत गेली' यात वर्षं आली, दिशा आली, सावकाशपणा आला. 'होत चालली आहे' म्हटलं की ती अजून थांबलेली नाही हेही कळतं. इंग्रजीला ज्यासाठी वेगळं नाम लागलं, ते आपलं क्रियापद पोटात घेऊन चालतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात १९९२-९३ ला एका बाईमागे सरासरी तीनच्या जवळपास मुलं होती, २०१९-२१ ला १.७. 'प्रजननदर घटण्याचा महाप्रवाह' असं लिहून बघा, आणि मग 'घरोघरी मुलं कमी होत गेली' असं. दुसरं वाक्य माझ्या आजीलाही कळलं असतं.

प्रश्नकर्ती : तक्त्यावर 'महाप्रवाह' टाकला. आत लिहिलं : 'जग शहरात राहायला येत गेलं, आणि २००७ च्या सुमारास निम्म्याहून जास्त माणसं शहरांत होती.' 'येत गेलं' ठीक वाटतंय ना?

प्रतिसाद : ठेवा तसंच.