घरकामाचं मोल जीडीपीत धरायला हवं का?

धागाकर्ती: माझं मत स्पष्ट आहे: घरकाम न मोजणारं अर्थशास्त्र अर्धवट आहे. शेतात पिकवलेली ज्वारी घरीच खाल्ली, तरी तिची किंमत जीडीपीत, म्हणजे देशाच्या वर्षभराच्या एकूण उत्पादनाच्या हिशोबात, धरतात. त्याच ज्वारीची भाकरी घरी थापली की ते काम हिशोबाबाहेर, आणि खानावळीत विकली की पुन्हा हिशोबात! २०१९ च्या सरकारी वेळ-वापर पाहणीत स्वतःच्या घरचं बिनपगारी काम करणाऱ्या बायकांची दिवसाला सरासरी २९९ मिनिटं त्यात गेलेली दिसली, पुरुषांची ९७. रोजचं पाच तासांचं राबणं ज्या आकड्यात नाही, त्यावर धोरणं कशी आखायची?

प्रतिसाद १: असहमत. जीडीपी कष्टांचा मान ठरवायला काढतच नाहीत. रिझर्व्ह बँकेला व्याजदर ठरवायचे असतात, सरकारला करवसुलीचा अंदाज हवा असतो. घरच्या भाकरीची कल्पित किंमत मिसळली तर आकडा फुगेल, कर रुपयानेही वाढणार नाही. आणि दर कुठला लावणार? स्वयंपाकाच्या मावशींचा, की बाईंना नोकरीत मिळाला असता तो पगार? डॉक्टरीण बाईंच्या वरणभाताला एक भाव आणि दहावी शिकलेलीच्या वरणभाताला दुसरा, हे पटतं तुम्हाला?

धागाकर्ती: नाही पटत, मावशींचाच दर लावा. पण कल्पित किंमत नको म्हणता, मग स्वतःच्या घरात राहणाऱ्यांचं कल्पित भाडं, म्हणजे तेच घर भाड्याने घेतलं असतं तर पडलं असतं ते, जीडीपीत कसं चालतं? तिथेही पैसा या हातातून त्या हातात जात नाही. कोर्टानेही दर लावलाय. लता वाधवा खटल्यात २००१ साली सुप्रीम कोर्टाने गृहिणीच्या कामाचं मोल महिना ३००० रुपये धरलं, तेही दुर्घटनेत गेलेल्या बायकांची भरपाई ठरवताना. बाई गेल्यावर हिशोब होतो, जिवंतपणी नाही, याचा मला राग येतो.

प्रतिसाद २: ताई, राग रास्त आहे, पण मला या मोजणीची भीती वाटते. एकदा किंमत ठरली की ‘हे तुझंच काम’ म्हणायला घरचे मोकळे. मला परवडणारं पाळणाघर हवंय, नळाला वेळेवर पाणी हवंय. आकड्याने यातलं काय मिळणार?

प्रतिसाद १: भाड्याचा मुद्दा मान्य, तिथे नियम सैल आहे. तरी एका बेरजेत नकोच. घरकामाचा स्वतंत्र तक्ता जीडीपीच्या शेजारी दरवर्षी छापा, त्याला माझा पूर्ण पाठिंबा.

धागाकर्ती: शेजारचा तक्ता वाचतं कोण? बजेटच्या वेळी चर्चा होते ती वाढीच्या दराचीच. आणि पाळणाघरासाठी पैसा मागायला गेलं की अर्थखातं आधी आकडाच विचारतं. २०२४ च्या पाहणीत बायकांची मिनिटं २८९ वर आली. पाच वर्षांत दहा मिनिटं! या गतीवर तुम्ही समाधानी आहात का, एवढं सांगा.