मदत हवी आहे: इस्तंबूलमधल्या रहस्यकथा

मंडळी, जेसन गुडविन यांची ‘द जॅनिसरी ट्री’ काल रात्री संपवली, पण मन अजून त्याच गल्ल्यांत फिरतंय. काळ १८३६ चा. दहाच वर्षांपूर्वी ऑटोमन सुलतान दुसऱ्या महमूदने जॅनिसरी ही जुनी, बलाढ्य फौज मोडून काढलेली, आणि आता नव्या सैन्यातल्या तरुण अधिकाऱ्यांचे खून पडताहेत. तपास करणारा याशिम हा खोजा (खच्ची केलेला पुरुष) आहे, म्हणून त्याला जनानखान्यातही वाट मोकळी! त्याचा स्वयंपाक तर इतका खुलवून लिहिलाय की वाचताना भूक लागते.

आता मला तुर्की लेखकाच्या नजरेतलं शहर हवंय. अहमेत उमित यांच्या नेवझात या पोलीस अधिकाऱ्याच्या कथा कुणी वाचल्यात का? सुरुवात कुठून करू? इंग्रजी चालेल, मराठी अनुवाद कुणाच्या पाहण्यात असेल तर कृपया आवर्जून कळवा.