दिवाळीनंतर ९ मुलं आलीच नाहीत. नाव ठेवायचं की काढायचं?

नवीसेविका:
जूनपासून नाशिक मनपाच्या एका शाळेत शिक्षणसेवक (पहिली तीन वर्षं मानधनावरची शिक्षिका) आहे, पेठ रोडच्या बाजूला. मूळची लातूरकडची. वर्ग दुसरीचा. ३० सप्टेंबरला पट ३४ होता, दिवाळीच्या सुट्टीनंतर २५ च बसतात. उरलेली ९ पेठ-सुरगाण्याकडची. आईबाप बागांवर गेले असं शेजारचे सांगतात. तीन घरी जाऊन आले, तिन्हीकडे कुलूप. एक सहकारी म्हणतात, "हजर मांडत जा, कोण बघतंय." दुसरे म्हणतात, "नाव काढून मोकळी हो." मानधन १६ हजार, त्यातच खोलीभाडं, डबा आणि आता मुलं शोधायला रिक्षा. तीन वर्षं अशीच काढायची का? जाणत्यांनी सांगावं.

रिकामाखडू:
काढून टाका. मार्चला येतील तेव्हा परत घाला. आम्ही हेच करत आलो, काही बिघडलं नाही.

गोदाकाठची बाई:
खडूभाऊ, तुमचं काही बिघडलं नसेल, त्या पोराचं बिघडलं.

नवीसेविकाताई, दोघांचंही ऐकू नका. मी २००१ पासून मनपात आहे. पंचवटी, वडाळा, सातपूर करत पुन्हा पंचवटीत आलेय.

आधी हे लक्षात घ्या की ३० सप्टेंबरच्या पटावर संचमान्यता होते, म्हणजे शाळेला किती शिक्षक ते ठरतं. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात ६० मुलांपर्यंत २ शिक्षक, ६१ वं मूल आलं की ३. म्हणून सप्टेंबरात आपण एकेक पोर घरून उचलून आणतो, आधार जुळत नाही म्हणून त्याला बोटांचे ठसे द्यायला पळवतो. ऑक्टोबर उजाडला की ते पोर कुणाला आठवत नाही. आणि द्राक्षाची गोडी (फळासाठीची) छाटणी नेमकी तेव्हाच. दिंडोरी, निफाड, अगदी आपल्या हद्दीतलं म्हसरूळ-मखमलाबाद, सगळीकडे माणूस लागतो. छाटणी झाली की फेलफूट (घड नसलेले कोंब) काढायची, मग डिपिंग (घड औषधात बुडवणं), विरळणी, आणि जानेवारीपासून काढणी. एप्रिल आल्याशिवाय ते कुटुंब मोकळं होत नाही. बाप पोराला घरी ठेवील तर कुणाच्या जिवावर?

हजर अजिबात मांडू नका. पहिली ते पाचवीला एका मुलामागे रोज १०० ग्रॅम तांदूळ धरतात. ९ पोरांचे रोजचे ९०० ग्रॅम, २४ दिवसांत २१ किलो ६०० ग्रॅम. खाल्ले कुणी? तपासणीला हजेरी आणि आहाराची नोंदवही शेजारी शेजारी ठेवतात, आणि तिथे सही तुमची असते, सल्ला देणाऱ्याची नाही.

तुम्हाला हवं आहे ते शिक्षण हमी कार्ड. हंगामापुरती स्थलांतरित होणारी मुलं जातील तिथल्या शाळेत बसावीत म्हणून ते असतं. नाव तुमच्याच पटावर राहतं, मूल तिकडच्या गुरुजींकडे बसतं. खरं तर कुटुंब निघायच्या आधीच कार्ड हातात द्यायचं. पुढच्या वर्षी दसऱ्याला पालकसभा घ्या आणि फक्त एक प्रश्न विचारा, "औंदा कोणत्या बागेवर?" बागाईतदाराचं नाव आणि गाव लिहून घ्या. पालकांच्या फोनचं रिचार्ज संपतं, बागाईतदाराचं संपत नाही. यंदा किराणा दुकानदाराला विचारा. उधारी असते, त्यामुळे कोण कुठे गेलंय ते त्याला पक्कं माहीत असतं. (मला ही युक्ती आमच्या शिपाईमामांनी शिकवली, डीएड कॉलेजने नाही.)

एक सांगते. माझ्याकडे दुसरीत एक मुलगी होती, नोव्हेंबरात गेली, एप्रिलमध्ये उगवली. 'शाळा' वाच म्हटलं तर नुसती 'श'कडे बघत बसली. मी मनात म्हटलं, गेलं वर्ष. मग मण्यांची माळ दिली मोजायला. तिने एकेक मणी मोजलाच नाही, दहा-दहा सरकवत गेली आणि १४० वर थांबून म्हणाली, "बाई, चौदा पेट्या." आई पॅकिंगला जायची. अर्ध्या किलोचे १० पनेट (द्राक्षाचे छोटे डबे) म्हणजे एक पेटी, हे पाच महिने बघून बघून दहाचा पाढा बसला होता. निपुणच्या (वाचन-गणित तपासणीच्या) तक्त्यात मी तिला वाचनात सगळ्यात खाली टाकलं, टाकावंच लागलं. पेट्यांना त्यात रकाना नव्हता.

तीन वर्षं अशीच जातील का विचारलंत. हो, जातील. माझं वय ५०, निवृत्तीला ८ वर्षं. सर्वोच्च न्यायालयाच्या १ सप्टेंबर २०२५ च्या निकालानंतर मलाही दोन वर्षांत टीईटी (शिक्षक पात्रता परीक्षा) पास व्हायचंय. रात्री बालमानसशास्त्राचे पर्याय घोकते आणि लेक प्रश्न विचारते. तुमचं तेवढं तरी झालंय!

सातपूरकर गुरुजी:
बाईंनी सगळं सांगितलं, एक राहिलं. ही घरं शोधत फिरताना कुणी तुम्हाला बीएलओचे (मतदार यादीच्या कामाचे) फॉर्म चिकटवले तर शाळेच्या वेळेत घेऊ नका. निवडणुकीचं काम शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ मध्ये बसतं, पण मतदार याद्यांचं काम सुट्टीच्या दिवशी आणि शिकवण्याच्या वेळेबाहेरच द्यावं, असं सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्येच सांगितलंय. अर्थात सुट्टीचे दिवस गेलेच म्हणून समजा. माझे गेले चार रविवार गेले.

नवीसेविका:
बाई, किराणावाल्याने दहा मिनिटांत सात जणांचा पत्ता दिला! चार मोहाडीला आहेत, दोन पिंपळगाव बसवंतच्या पुढे, एक मखमलाबादलाच, म्हणजे आमच्याच शहरात. मोहाडीच्या एका गुरुजींशी बोलले, ते म्हणाले पाठवा, बसवतो. फक्त एकाला दोन वर्षांची बहीण सांभाळायची असते, तीही वर्गात येईल म्हटलं, तर म्हणाले, चालेल. आता हजेरीत काय लिहू?

गोदाकाठची बाई:
गैरहजरच मांडा, आणि शेऱ्यात 'हंगामी स्थलांतर, हमी कार्ड दिले' आणि तारीख. गुरुजींचा नंबर वहीच्या मागच्या पानावर ठेवा. मखमलाबादच्या पोराला मात्र कार्डाबिर्डाची गरज नाही. उद्या सकाळी स्वतः जा आणि घेऊन या. आणि राहिलेले दोन कुठे आहेत?