नाक खाजवणारा टॉर्मोलेन मूर्ख नव्हता

गोदाकाठ
जुन्या विज्ञान-मालिकांच्या धाग्यावर काल खगोलवेडा यांनी ‘स्टार ट्रेक’ या अमेरिकन अंतराळ-मालिकेच्या ‘द नेकेड टाइम’ या भागाची दोन ओळींत वासलात लावली. त्यांचं म्हणणं, मेलेल्या माणसांनी भरलेल्या तळावर उतरलेला प्रशिक्षित माणूस, टॉर्मोलेन, नाक खाजवायला हातमोजा काढतो आणि त्यातून अख्ख्या जहाजाला लागण होते, हा लेखकाचा आळशीपणा आहे. इतक्या मूर्ख माणसाला अंतराळात पाठवेल कोण? तिथेच उत्तर देणार होते, पण लांबलं, म्हणून वेगळा धागा.

मी नर्स आहे. २०२० च्या जूनपासून ऑक्टोबरपर्यंत कोविड वॉर्डात होते. किट चढवलं की दहाव्या मिनिटाला नाकाला खाज सुटते. एरवी दिवसभर नाक आठवतही नाही, पण हात लावायचा नाही म्हटलं की जीव नाकातच येऊन बसतो. चार महिने मी हाताला आवर घातला. मग एका पहाटे, लागोपाठ दोन पेशंट गेले होते, किट उतरवायच्या खोलीत मी गॉगल वर सरकवला आणि वॉर्डातल्या त्याच मोज्याने डोळा चोळला. मला कळलंसुद्धा नाही. सफाईच्या मावशी ओरडल्या तेव्हा कळलं. सहाव्या दिवशी मी पॉझिटिव्ह, दहाव्या दिवशी सासूबाई. त्या अकरा दिवस ऑक्सिजनवर होत्या. वाचल्या.

आता तो प्रसंग पुन्हा बघा. जहाजावरचे स्पॉक आणि टॉर्मोलेन सायी २००० ग्रहावरच्या संशोधन तळावर उतरतात. हवा-ऊब देणारी यंत्रणा तिथल्याच माणसांनी बंद केलेली, सगळे गोठून मेलेले. एक बाई गळा दाबून मारलेली. एकजण कपड्यांसकट शॉवरखाली. हे सगळं नुकतंच डोळ्यांनी पाहिलेल्या माणसाचा हात नाकाकडे जातो. तो काही ठरवून मोजा काढत नाही. हा भाग २९ सप्टेंबर १९६६ ला दाखवला गेला आणि लिहिणाऱ्याला माणसाचा हात कसा चालतो हे नीट माहीत होतं. आळशी लेखकाने वायुगळती दाखवली असती.

खगोलवेडा
ताई, तुमच्या कामाबद्दल आदर आहे, पण तुलना चुकते. तुम्ही चार महिने राबून थकलेल्या होतात. टॉर्मोलेन तिथे पाच मिनिटांपूर्वी उतरलाय. आणि वॉर्डात माणसं नाइलाजाने नेमली जातात, अंतराळात निवडून पाठवतात. अपोलोच्या अंतराळवीरांनी चंद्रावर हातमोजा काढला का?

दूरदर्शनवाले काका
रविवारी सकाळी दूरदर्शनवर हे लागायचं तेव्हा आमच्या चाळीत एकच टीव्ही होता. संवाद कोणालाही कळत नसत, पण लागण झालेला सुलू उघड्या अंगाने तलवार घेऊन धावला की पोरांचा गोंगाट. मूळ कल्पना सामुराईच्या तलवारीची होती, पण सुलूचं काम करणाऱ्या जॉर्ज ताकेईनेच पाश्चात्त्य तलवारबाजीतली (फेन्सिंगची) तलवार सुचवली. आज इतकी वर्षं झाली, या मालिकेला मराठी उपशीर्षकं का मिळत नाहीत? तमिळ, तेलुगूत सगळं येतं. आपण मागत नाही म्हणून मिळत नाही.

ह्यूस्टनकर
काका, तुमचं दुःख खरं आहे, पण त्याचा वेगळा धागा काढा.

खगोलवेडा, अपोलोचं नाव काढलंत म्हणून लिहितो. चंद्रावर कोणी मोजा काढला नाही, बरोबर. पण परत आल्यावर काय झालं? चंद्रावरून जंतू येतील या भीतीने इथे ह्यूस्टनमध्ये खास प्रयोगशाळा बांधली होती, एकवीस दिवस विलगीकरण ठरलं होतं. २४ जुलै १९६९ ला यान प्रशांत महासागरात पडलं. पाणबुड्याने दार उघडलं, आत विलगीकरणाचे पोशाख टाकले, दार लावलं. म्हणजे ज्या हवेत चंद्राची धूळ तरंगत होती ती हवा अंगरखे चढवायच्या आधीच समुद्रावर मोकळी. पुढे तिघांना सीलबंद गाडीत घालून नेलं, १० ऑगस्टपर्यंत कोंडलं. त्या प्रयोगशाळेतही काही कर्मचाऱ्यांचा चंद्राच्या मातीशी संपर्क आला आणि त्यांनाही आत बसावं लागलं. अपोलो १४ नंतर हे विलगीकरण बंदच केलं. तेव्हा ‘निवडून पाठवलेल्या माणसांकडून असं होत नाही’ हे राहू द्या. तिथे तर दार उघडायचं हे आधीच लिहून ठरलेलं होतं.

खगोलवेडा
दार उघडणं हा विचार करून पत्करलेला धोका होता. समुद्रात हेलकावणाऱ्या यानात माणसं बुडाली असती. नाक खाजवणं हा धोका कोणी पत्करलेला नाही. दोन्ही एकाच मापाने मोजू नका.

आणि माझा मुख्य आक्षेप कोणी वाचलाच नाही. परग्रहावरचा रोग माणसाला होईलच कसा? विषाणूला पेशीवर नेमका ग्राहक-रेणू लागतो, किल्लीला कुलूप लागतं तसा. झाडाचा विषाणू आपल्याला होत नाही, आणि झाड तर आपलं भाऊबंद. जी जीवसृष्टी आपल्याशी कधी जोडलेलीच नव्हती तिचा जंतू आपल्या पेशीत शिरेल?

रसायनवाला
भाग पुन्हा बघा. तो जंतू नाहीच. जहाजाचा डॉक्टर मॅककॉय स्पष्ट सांगतो की त्या ग्रहावर पाणीच बदलून रेणूंची गुंतागुंतीची साखळी झालंय. घामातून एकाकडून दुसऱ्याकडे जातं आणि मेंदूवर दारूसारखं काम करतं. म्हणून तर तपासणीत टॉर्मोलेन ठणठणीत ठरतो. पाण्यात पाणी काय शोधणार? ग्राहक-रेणूचा मुद्दा बाद.

खगोलवेडा
मग तर आणखी वाईट. जंतू नाही म्हणजे वाढ नाही. एका थेंबातलं रसायन चारशेच्या वर माणसांत वाटलं तर दहाव्या माणसाला उरेल काय? तुम्ही रसायनवाले ना? सौम्यीकरण शाळेत शिकवतात.

रसायनवाला
शाळा काढू नका. तीस वर्षं रंगाच्या कारखान्याच्या प्रयोगशाळेत काढली आहेत. आपल्यासारख्याच दुसऱ्या रेणूंना बदलत जाणारा रेणू असेल तर सौम्यीकरण लागू होत नाही. प्रायॉन घ्या. प्रुसिनरने १९८२ मध्ये हे नाव दिलं तेव्हा लोकांनी त्याला वेड्यात काढलं, १९९७ मध्ये नोबेल मिळालं. चुकीची घडी पडलेलं प्रथिन शेजारच्या चांगल्या प्रथिनालाही तशीच घडी पाडतं. डीएनए नाही, आरएनए नाही, तरी पसरतं.

पाण्याबद्दल तर खुद्द वैज्ञानिकच फसले होते. साठच्या दशकात सोव्हिएत रसायनज्ञ देर्यागिन यांनी काचेच्या केसासारख्या नळ्यांत ‘वेगळं’ पाणी सापडल्याचा दावा केला. दाट, सहज न उकळणारं, शून्याला न गोठणारं. अमेरिकेत त्याला पॉलिवॉटर म्हणू लागले. १९६९ मध्ये ‘नेचर’मध्ये एका प्राध्यापकाने पत्र लिहून बजावलं, की हे बाहेर सुटलं तर सगळ्या समुद्राचं पाणी आपल्यासारखं करून टाकेल. आणि शेवट कशात? डेनिस रूसो नावाच्या संशोधकाने हँडबॉल खेळून घामाने भिजलेला स्वतःचा शर्ट पिळला, त्याचा अवरक्त वर्णपट (पदार्थ ओळखायची प्रकाश-चाचणी) काढला, तो पॉलिवॉटरशी जवळजवळ जुळला. १९७१ ची गोष्ट. नळ्यांत मळ होता. १९७३ मध्ये देर्यागिननीही मान्य केलं.

साखळी झालेलं पाणी आणि घाम, दोन्ही त्या भागात १९६६ मध्येच आहेत. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा रात्रभर झोप लागली नव्हती.

खगोलवेडा
पॉलिवॉटर खोटं निघालं हे तुम्हीच सांगताय. म्हणजे तुमचा पुरावा एक फसलेला दावा आहे! प्रायॉनचं मान्य, पण ते वर्षानुवर्षं घेतं. इथे हात लागला की थोड्याच वेळात जहाजावरचा रायली इंजिनाच्या खोलीत कडी लावून गात बसतो.

रसायनवाला
पुरावा नाही म्हटलं मी, शक्यता म्हटलं. ज्या काळात नावाजलेले रसायनज्ञ अशा पाण्यावर विश्वास ठेवत होते, त्या काळातल्या टीव्ही-लेखकाला अडाणी ठरवू नका एवढंच.

मनमौजी
पाण्यावरून इतकं भांडताय, पण ज्यासाठी हा भाग लिहिलाय तो प्रसंग कोणी काढलाच नाही. एरवी भावना न दाखवणारा स्पॉक बंद खोलीत रडतो. आईवर प्रेम आहे हे तिला मी कधी सांगितलं नाही, म्हणतो. माझे वडील गेले तेव्हा मी दुबईत होतो, विमानं बंद. सोळा वर्षं रोज फोनवर ‘जेवलात का’ एवढंच विचारलं. मला रेणूचं काही पडलेलं नाही.

खगोलवेडा
वाईट वाटलं. पण प्रत्येक मुद्द्यावर कोणाच्या तरी घरचा आजार आणि मृत्यू पुढे आला तर कथेतल्या चुकांवर बोलायचंच नाही का? हे भावनिक दडपण आहे. आणि गोदाकाठ, स्पष्टच लिहितो, तुमच्या हातून चूक झाली म्हणून पटकथेतली चूक बरोबर ठरत नाही.

गोदाकाठ
माझ्या हातून चूक झाली. लिहिलंय मी ते, कोणी विचारलं नसताना. आता राहिलेलंही लिहिते.

त्या आठवड्यात आलेल्या किटांचे गॉगल कपाळाला बसत नव्हते, खालून वाफ धरायचे. सुई टोचताना शीर दिसत नव्हती, म्हणून आम्ही सगळ्याच ते वर सरकवायचो. तोंडी दोनदा सांगितलं, एकदा वहीत लिहिलं. मी पॉझिटिव्ह आल्यावर चौकशीचा कागद निघाला, त्यावर ‘कर्मचाऱ्याचा निष्काळजीपणा’ आणि माझं नाव. गॉगलचा उल्लेख नाही. वही कोणी मागितली नाही.

तुम्ही ‘इतका मूर्ख माणूस’ लिहिलंत तेव्हा मला तो कागद दिसला. टॉर्मोलेनचा पोशाख बघा हो एकदा. डोक्यावरचं ते आवरण गळ्याशी बंदच नाही. त्याचा हात खालून सरळ नाकापर्यंत जातो. अशा पोशाखात माणसाला मेलेल्या तळावर उतरवलं, परतल्यावर तपासून ठीक म्हटलं, तो हात पुसत बसला होता तरी कोणी थांबवलं नाही. आणि तुमच्या यादीत मूर्ख कोण, तर तो. तोच तर मरतो. शेवटी जहाज काळात ७१ तास मागे जातं, सगळ्यांना तीन दिवस परत मिळतात, त्याला नाही.

दूरदर्शनवाले काका
ताई, ती वही ठेवली आहे ना जपून?

गोदाकाठ
वही वॉर्डात राहिली. फोटो आहे.

खगोलवेडा
रात्री भाग पुन्हा पाहिला. आवरण गळ्याशी उघडं आहे, खांद्यावर नुसतं लोंबतंय. लहानपणी पाहिलं तेव्हा लक्षात आलं नव्हतं. पोशाखाचा दोष आधी, हे मान्य करावं लागतंय. मग जहाज पाठवणाऱ्या स्टारफ्लीटसारख्या संस्थेने असा पोशाख वापरला हा तरी पटकथेचा दोष माना, तो मी सोडणार नाही. ‘मूर्ख’ हा शब्द मूळ धाग्यातून काढतोय. सौम्यीकरणावर रसायनवाल्यांचं उत्तर मला अजून पटलेलं नाही.

रसायनवाला
आज रात्रपाळीच्या मुलांना शिकवायला जायचंय. उद्या आकडे मांडून लिहितो.